होकाराचा झटका

१

श्टाइनलोहच्या स्टेशनात आता गाडी येत नाही. रूळ उखडून नेले त्याला अठरा वर्षं झाली. मालाची शेड तेवढी उरली, आणि त्या शेडमध्ये दर शनिवारी दुपारी दोनला सात-आठ म्हातारे जमून बारा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून त्याच स्टेशनातल्या त्याच गाड्या पळवतात. बाहेर गुडघाभर गवत आणि आत मिनिटामिनिटाचं वेळापत्रक. यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांच्यापैकी कोणालाच वाटत नाही, आणि कोणी चुकून 'खेळणी' म्हणालं तर अध्यक्ष हार्टविग दिवसभर त्याच्याशी बोलत नाही.

सिगमार ओएलर हा त्यांच्यातला डॉक्टर. इंजिन उलटं पळायला लागलं, दिवा लागतोय पण चाक फिरत नाही, असली सगळी दुखणी मागच्या खोलीत त्याच्या टेबलावर येत. नोकरीत असताना तो खऱ्या रेल्वेच्या सिग्नल वर्कशॉपमध्ये होता. बोलणं तिरकस, हात सरळ.

प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची नखाएवढी पाटी असते. रुळांतून येणारा हुकूम ती ऐकते आणि मोटर फिरवते. ती ऐकू शकते, बोलू शकत नाही. तिच्यात काय नोंदलंय ते काढून घ्यायचं तर इंजिन टेबलावरच्या हातभर लांबीच्या वेगळ्या रुळावर ठेवायचं आणि कंट्रोलरकडून एकेक प्रश्न विचारून घ्यायचा. हे असं आहे का? असेल तर डिकोडर मोटरला क्षणभर वीज देतो आणि इंजिन जागच्या जागी एक बारीक झटका खातं. तो होकार. नसेल तर काहीच होत नाही.

माणसं फसतात ती इथेच. चाकाला तेलकट घाण बसली असेल, तार सुटली असेल, तरीही काहीच होत नाही. म्हणून सिगमारचा एक नियम होता आणि नवीन माणसाला तो पहिल्याच दिवशी सुनावायचा: ज्याचं उत्तर तुला ठाऊक आहे असा प्रश्न आधी विचार. त्याला झटका आला, तरच पुढच्या गप्प बसण्याला अर्थ आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हार्टविगनं एक पुठ्ठ्याचा डबा त्याच्यासमोर ठेवला.

"लोथारचं शंटिंगचं इंजिन. काट्रीननं पाठवलंय, बाकीच्या पेट्यांबरोबर."

सिगमारनं डबा उघडला नाही. "मग?"

"मग काय? हलत नाही ते. नाताळच्या प्रदर्शनाला ती स्वतः येतेय. बापाचं इंजिन बापाच्या स्टेशनात पळताना दिसलं तर बरं वाटेल पोरीला."

"पोरगी चव्वेचाळीसची आहे."

"तू पण ना," हार्टविग म्हणाला आणि निघून गेला.

नारिंगी रंगाचं, मुठीत मावेल एवढं डिझेल इंजिन. या नंबरचं खरं इंजिन त्याच्या गेलेल्या मित्रानं, लोथारनं, याच शेडसमोर एकवीस वर्षं पुढे-मागे चालवलं होतं. सिगमारनं ते रुळावर ठेवलं आणि नियमाप्रमाणे ठाऊक उत्तराचा प्रश्न विचारला: तुला बनवणाऱ्या कारखान्याचा नंबर काय? कंट्रोलर एक नंबर असे आठ प्रश्नांत वाचतो. इंजिनानं आठ झटके दिले. आठही प्रश्नांना हो.

असला नंबर कुठल्याही कारखान्याचा नव्हता. त्यानं इंजिनाचा पत्ता, म्हणजे ज्या क्रमांकाला ते ओ देतं तो, विचारला. आठ होकार. वेग विचारला, दिव्यांचं विचारलं. आठ, पुन्हा आठ.

सगळ्याला हो म्हणणारा डिकोडर त्यानं पूर्वीही पाहिला होता. पोटात वीज साठवणारी एखादी कुपी जोडलेली असली की ती मध्येच वीज ओढते आणि कंट्रोलरला तो होकार वाटतो. लोथारला असल्या जोडाजोडीची हौस होतीच. सिगमारनं स्क्रू काढले, डोळ्याला भिंग लावलं.

कुपी नव्हती.

२

पुढच्या शनिवारी त्यानं चाकं स्पिरिटनं पुसली. मोटरला वीज पोचवणारे कोळसे बदलले. प्रत्येक तार मीटर लावून तपासली. सगळं ठणठणीत होतं, आणि इंजिन हो म्हणत होतं.

साडेतीनच्या सुमाराला गुडरून दारात आली. ती हार्टविगची बायको. शेडमधली कॉफी, बशा आणि निम्मी भांडणं तिच्या ताब्यात असत.

"आयरशेके आणलाय. कोणाला हवाय?"

रुळावर इंजिनानं झटका खाल्ला.

सिगमारनं कंट्रोलरकडे पाहिलं. पडदा रिकामा होता. तो काही विचारत नव्हता, आणि तो विचारत नसेल तेव्हा त्या हातभर रुळात वीजच नसते.

"काय झालं? तोंड का असं?" गुडरूननं विचारलं. "केक नको असेल तर नको म्हण."

"तू पाय आपटत येतेस. जमीन हादरते."

"मी? अरे, पन्नास किलो वजन आहे माझं."

"कधी होतं?"

ती फणकाऱ्यानं गेली. सिगमारनं जमिनीवर टाच आपटली. दोनदा, तीनदा, मग टेबलाच्या पायावर. इंजिन हललं नाही. त्यानं कप उचलला, कॉफी प्यायला, पुन्हा आपटून पाहिलं. मग उगाचच, इकडेतिकडे बघून, हळू आवाजात म्हणाला, "केक हवाय का?"

काही झालं नाही. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. बाहेर हार्टविग कोणालातरी ओरडून विचारत होता, "अरे, सिगमार आहे का आत?"

इंजिनानं झटका खाल्ला.

३

नियम क्लबातला असला तरी सिगमारनं तो एकदा बाहेर वापरला होता, आणि त्याबद्दल त्याचं फार कौतुक झालं होतं.

मागच्या फेब्रुवारीत लोथारच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. जिल्ह्याच्या गावच्या हॉस्पिटलात तो नऊ आठवडे होता. गळ्यात नळी, श्वास यंत्राचा, डोळे उघडे पण कुठेच न पाहणारे. हलायची फक्त उजव्या हाताची तर्जनी, तीही कशीबशी, एकदा. सिगमार पाहत राहिला आणि म्हणाला, हा तर डिकोडर झालाय. मी विचारतो. हो असेल तर एकदा हलव. नसेल तर काही करू नकोस.

पहिला प्रश्न त्यानं विचारला, "तुझं नाव लोथार का?" बोट हललं. नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती सगळी मंडळी तेच करू लागली: तहान लागलीय का, उशी वर घेऊ का, दिवा मालवू का.

सिगमार रोज बसनं जाई. एक तास दहा मिनिटं जायला, तेवढंच यायला. काट्रीन नऊ आठवड्यांत रॉटरडॅमहून दोनदा आली. उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, त्या निर्णयाचा कागद होता सिगमारच्या नावावर. कधीतरी क्लबाची सभा संपल्यावर बिअर पिता पिता लोथारनं तो पुढे सरकवला होता, "सही कर रे, उगाच माणूस असावा म्हणून." शेडची किल्ली ताब्यात घेताना करावी तशी त्यानं सही केली. मला विचारलंस का, असं सिगमार नंतर बसमध्ये मनातल्या मनात किती वेळा म्हणाला असेल. वर्षानुवर्षं असंच चालू शकेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्या दिवशी तर त्याला लोथारचा स्वच्छ राग आला. गाठ तुझ्या डोक्यात, आणि जन्म माझा बसमध्ये.

एप्रिलच्या एका मंगळवारी त्यानं विचारलं, "लोथार, तुला असंच पुढे राहायचंय का?" डॉक्टरीणबाई पायाशी उभ्या होत्या. तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही. गुरुवारी नळी काढली.

सगळे म्हणाले, योग्य केलंस. हार्टविगनं खांद्यावर हात ठेवला. त्या मंगळवारी आधी ठाऊक उत्तराचा प्रश्न विचारला होतास का, असं त्याला कोणी विचारलं नाही. क्लबातल्या एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. त्याच्या डोक्यात मात्र त्याच दिवशी परतीच्या बसमध्ये आलं होतं, आणि तेव्हापासून ते हललेलं नाही.

४

तिसऱ्या शनिवारी त्यानं नवा डिकोडर बसवला. कोऱ्या पाकिटातला. त्यानं कारखान्याचा नंबर बरोबर सांगितला. पत्ता सांगितला तीन, जसा प्रत्येक नव्या डिकोडरचा असतो. मोठ्या मांडणीवर इंजिन दोन फेऱ्या सुरेख पळालं.

"शाब्बास," हार्टविग म्हणाला. "म्हणजे प्रदर्शनाला पळणार तर?"

इंजिन तेव्हा सिगमारच्या टेबलावर परत आलेलं होतं. वीज नसलेल्या रुळावर त्यानं झटका खाल्ला.

"पाहिलंस?" सिगमार म्हणाला.

"काय?"

"आत्ता हललं ते."

"इंजिन हलणारच. नाही हललं तर तुझ्याकडे आणतो आपण," हार्टविग म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर हसत गेला.

बुधवारी दुपारी सिगमार एकटाच शेडमध्ये आला. त्यानं इंजिनातून नवा डिकोडर उपटून काढला. आता रुळापासून मोटरपर्यंत जाणारी तारच उरली नव्हती. ते इंजिन म्हणजे चाकांवरचं रिकामं डबडं होतं. कंट्रोलरचा प्लग भिंतीतून काढून त्यानं समोर टेबलावर ठेवला, डोळ्यांना दिसेल असा. तीन वाजले होते. खिडकीतून पिवळट उजेड येत होता आणि मोठ्या खोलीत हीटर मधूनमधून टकटक करत होता. खुर्ची पुढे ओढून तो बसला. अडुसष्ट वर्षांचा माणूस एका डबड्याशी बोलायला बसलाय हे कोणी पाहिलं नाही, याचं त्याला समाधान होतं.

"आज बुधवार आहे का?"

झटका.

त्यानं टेबल दोन्ही हातांनी धरलं. मग स्वतःलाच समजावलं: सगळ्याला हो म्हणतंय, जुनीच खोड. आता उलटं विचार, म्हणजे त्याची फटफजिती होईल.

"आज रविवार आहे का?"

इंजिन स्वस्थ राहिलं. त्यानं मनात पन्नासपर्यंत मोजलं. ते स्वस्थच होतं.

"माझं नाव हार्टविग का?" काही नाही. "माझं नाव सिगमार का?" झटका.

स्प्रिंग असेल. कुठल्यातरी चकतीत राहिलेलं चुंबकत्व असेल. उष्णतेनं पत्रा फुगतो, आकसतो. हीटर टकटकतो तेव्हाच होत असेल. त्यानं कान देऊन ऐकलं. हीटर बराच वेळ गप्प होता. खरा प्रश्न जिभेच्या टोकावर आला होता आणि तो त्याला विचारायचा नव्हता. म्हणून त्यानं दुसराच विचारला, तोंडाला येईल तो.

"माझ्याशिवाय इथे कोणी आहे का?"

उत्तर यायला थोडा वेळ लागला. लोथारच्या बोटालाही असाच वेळ लागायचा. आधी काहीच नाही, मग आपण मान वळवणार इतक्यात, एकदा.

सिगमार उठला. कोट घ्यायला मोठ्या खोलीतून जावं लागत होतं. त्या खोलीत तो एरवी डोळे मिटून वावरला असता. आज त्यानं खांबाला, खुर्च्यांना, प्रत्येक गोष्टीला हात लावत रस्ता काढला आणि मांडणीतल्या लहानशा स्टेशनाच्या बाजूला एकदाही पाहिलं नाही. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कोटाशिवायच आलोय.

५

प्रदर्शनाच्या शनिवारी अर्धं गाव शेडमध्ये होतं. नाताळचा श्टॉलन केक, गरम वाइन, बापांच्या खांद्यांवर पोरं. हार्टविग टोपी घालून गाड्यांच्या घोषणा करत होता. सिगमार मागच्या खोलीत दार ओढून बसला होता. डिकोडर त्यानं परत बसवला नव्हता.

"जमलं नाही?" हार्टविगनं सकाळीच विचारलं होतं.

"जमलं नाही."

"परवापरवा तर पळत होतं."

"जमलं नाही म्हटलं ना."

चारच्या सुमाराला काट्रीन आली. लोथारचं कपाळ, लोथारची उभं राहायची तऱ्हा, एका पायावर भार टाकून. तिनं दार मागे लावून घेतलं, तसा बाहेरचा गलका दबला.

"सिगमार काका, हार्टविग म्हणाले तुम्ही इथे आहात. कॉफीसुद्धा घेतली नाहीत म्हणे."

"गुडरूनची कॉफी प्यायला माणूस निरोगी असावा लागतो. बस."

ती बसली नाही. तिनं रुळावरचं इंजिन पाहिलं. "हेच ना ते? बाबांचं?"

सिगमारनं पाहिलं. इंजिनानं झटका खाल्ला होता. तिचं लक्ष डोळे पुसण्यात होतं. त्यानं चटकन हात पुढे करून इंजिन रुळावरून उचललं आणि मुठीत धरलं. ज्याला रूळ नाही, तार नाही, ते काही सांगू शकत नाही.

"काका, एक विचारायचं होतं. फोनवर जमत नव्हतं." तिनं हातमोजे काढले, पुन्हा घातले. "त्या उंच नर्स होत्या ना, त्यांनी मला पत्र लिहिलं. चांगलंच लिहिलंय, सांत्वनाचं. त्यात सहज लिहून गेल्यात की त्या मंगळवारी सकाळी बाबांनी खिडकी उघडून घेतली. खिडकी उघडू का म्हटलं, तर बोट हलवलं. तेव्हापासून मला झोप नाही."

"का?"

"सकाळी बोट हलत होतं, काका. मग दुपारी ते 'नाही' म्हणाले, की त्यांना हलवताच आलं नाही?" ती घाईघाईनं पुढे म्हणाली, "मी तुम्हाला दोष देत नाही. मी तर आलेच नाही, मला कुठल्या तोंडानं बोलता येणार. पण तुम्ही जवळ होतात. तुम्हीच सांगा. त्यांना जगायचं होतं का?"

मुठीत इंजिन हललं.

एकदा, बारीक, तळहाताच्या मांसात. आणि सिगमारला तो मंगळवार जसाच्या तसा आठवला, ज्याला तो एप्रिलपासून वळसा घालून जात होता. डॉक्टरीणबाई पायाशी उभ्या होत्या त्या बोट पाहायला. पण बोट दिसत नव्हतं. लोथारचा उजवा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता. चाळीस वर्षांची मैत्री, तो धरणारच. खोलीतल्या सगळ्यांना ते शोभून दिसलं. पहिल्यांदा विचारल्यावर त्या हातांत काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा, सगळे श्वास सोडून बाजूला होणार इतक्यात, त्या मुठीत काहीतरी हललं होतं. आपलीच नाडी असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. सव्वाचारची बस होती. "नाही," असं तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला होता.

"काका?"

इंजिन पुन्हा हललं. नंतर पुन्हा. प्रश्न एकच होता, पण उत्तर थांबत नव्हतं.

तिच्या चेहऱ्याकडे त्यानं पाहिलं. खरं सांगितलं तर आपलं काय होईल हे त्याला कळत होतं. तिचं काय होईल तेही कळत होतं, आणि आपण तिच्यासाठी खोटं बोलतोय असं स्वतःला पटवायला त्याला फार वेळ लागला नाही.

"नाही म्हणाला तो," सिगमार म्हणाला. "तीनदा विचारलं. काहीच हललं नाही."

काट्रीननं डोळे मिटले. तिचा सगळा चेहरा सैल झाला. कित्येक महिन्यांनी कोणी टेकावं तशी ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि थोडा वेळ नुसती रडली. मग पुढे वाकून तिनं त्याची ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली.

"तुम्ही होतात म्हणून," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणी एवढं केलं नसतं." आणि ती मध्येच थांबली. मुठीकडे बघत राहिली. "काका, तुमचा हात कापतोय."

"वय झालं," तो म्हणाला.

तिनं मान हलवली आणि हात तसेच ठेवले, त्याला धीर द्यायला. केसाएवढ्या तारा जोडताना सिगमारचा हात कधी कापलेला क्लबात कोणी पाहिला नव्हता, आणि तो आत्ताही कापत नव्हता.